भटक्या कुत्र्यांना पाच देणग्या

१

गुरुवारी दुपारी वाल्देमार स्कारोनेने बँकेचा कागद क्लबच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. कागदावरची एक ओळ त्याने लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. काल, बुधवारी, त्याच्या कार्डावरून दीडशे पेसो भटक्या कुत्र्यांच्या एका संस्थेला गेले होते. वाल्देमारने ते दिले नव्हते. कुत्रं या प्राण्याशी त्याचं लहानपणापासून जमत नसे.

"पाचवा मी," तो म्हणाला. "आधी ओरोस्मान, मग देल्मिरा, मग देल्मिराचा नवरा, मग निबिया. आता क्लबचा अध्यक्ष. प्रत्येक वेळी तीच संस्था आणि तीच रक्कम."

पुएर्तो ओम्बूच्या बोचास क्लबात दर मंगळवारी आणि गुरुवारी वीसेक निवृत्त माणसं जमत. लाकडी गोळे मातीच्या लांब पट्टीवर घरंगळवायचे, कुणाचा गोळा छोट्या गोळीच्या जास्त जवळ गेला यावरून भांडायचं, आणि थर्मासमधलं गरम पाणी तुंब्यातल्या पाल्यावर ओतून माते नावाचा कडू चहा नळीने ओढत बसायचं. यापलीकडे क्लबात कधी काही घडत नसे.

"बँक काय म्हणते?" इर्मा बेतांकोरने विचारलं. ती एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. बोलण्याआधी समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची सवय तिला वर्गातच लागली होती.

"म्हणते, चोर आधी लहान देणगी देऊन बघतात, कार्ड चालतं का ते. मोठा हात नंतर मारतात. कार्ड न काढता, नुसतं जवळ यंत्र धरून त्याचा आकडा आणि मुदत वाचता येते म्हणे. आणि ही कुत्र्यांची संस्था कार्डाच्या मागचे तीन आकडे विचारत नाही. झालं काम." वाल्देमारने आवाज खाली आणला. "आपण सगळे कार्ड कुठे टेकवतो? कँटीनमध्ये. सुल्माच्या यंत्रावर."

"म्हणून?"

"म्हणून शनिवारी चार वाजता कमिटीची बैठक. विषय एकच, सुल्माकडून कँटीन काढून घेणं. पत्र टाइप करून तयार आहे."

कँटीनच्या मागे दोन खोल्या होत्या. त्यांत सुल्मा आणि तिची आई राहत. कँटीन गेलं की त्या खोल्याही जाणार, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं.

इर्माने कागदावरची तारीख आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतली. मान वर केली तेव्हा कँटीनच्या दारात सुल्मा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

२

"बाई, तुम्ही मला नववीत नापास केलं होतं," सुल्मा म्हणाली. ती मांसाचे पातळ काप पावाच्या चुऱ्यात घोळवत होती आणि हात थांबवत नव्हती.

"दोन गुणांनी."

"तेव्हाही मी काही केलं नव्हतं."

"तेव्हा तू खरंच काही केलं नव्हतंस. म्हणून तर नापास झालीस."

सुल्माला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "आईला अजून सांगितलं नाही. तिला वाटतंय, बाहेर वाल्देमारचा वाढदिवस चाललाय."

इर्माने कार्डाचं यंत्र पाहायला मागितलं. ते कट्ट्याला दोरीने बांधलेलं होतं. इर्माने स्वतःचं कार्ड हळूहळू यंत्राजवळ नेलं. चार बोटांच्या अंतरावर यंत्र वाजलं, त्याआधी नाही. सुल्माने बँकेकडून आलेल्या याद्या काढून दिल्या. अकरा वर्षांच्या याद्या बिस्किटांच्या डब्यात नीट ठेवलेल्या होत्या.

"हे यंत्र कधी कुणाच्या हातात एकटं राहिलं होतं?"

"माझी पाठ वळली की सगळंच एकटं असतं. पण पाठ वळवायला वेळ कुठे मिळतो, बाई? दुपारभर थर्मास भरून देते. वाल्देमारचा तीनदा. देल्मिराचा दोनदा, आणि वर पाणी उकळलं म्हणून तक्रार, उकळल्या पाण्याने माते जळतं म्हणे. एल्बियो स्वतःचा थर्मास रिकामा करून निबियाचं संपवतो, मग तिचा भरायचा. एक ओरोस्मान तेवढा जूनपासून पाणी मागायला येत नाही. डॉक्टरांनी माते बंद केलंय म्हणाला. बिचारा थर्मासची पिशवी मात्र अजून खांद्याला लावून येतो. सवय, दुसरं काय."

"त्याच्याशी तुझं बरं आहे?"

"त्याच्याशी कुणाचं वाईट असणार? तो कार्डांसाठी सुरक्षित पाकिटं शिवतो ना, त्यांच्यासाठी दुधाचे खोके मीच ठेवते. टिकाऊ दुधाचे, आतून चंदेरी असतात ते. ताज्या दुधाचे चालत नाहीत, त्यांना आतून नुसतं मेण. आईच्या वाढदिवसापासून ठेवतेय." तिने काप तेलात सोडला. "बाई, मी चोर असते तर कुत्र्यांना दिले असते का? माझी मांजर आहे."

इर्मा उठली. "चोर कोण ते मला माहीत नाही. पण हे यंत्र चोर आहे का, ते उद्या दुपारपर्यंत सांगते."

"आणि असलं तर?"

"असलं तर तेही सांगेन," इर्मा म्हणाली.

३

शुक्रवारी सकाळी निबियाने दार उघडायला वेळ घेतला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि पाहुण्यांसमोर केस विंचरल्याशिवाय येत नसे.

"माझं जुनं कार्ड संपलं म्हणून नवं आलं टपालाने," ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, क्लबला निघता निघता. पाकीट तसंच कोटाच्या खिशात टाकलं. बुधवारी बघते तर कुत्र्यांना देणगी."

"पाकीट तसंच म्हणजे?"

निबियाने ते आणून दाखवलं. बँकेचं टपालाचं पाकीट, वरची कड फाडलेली. "हे त्याच गुरुवारी फाडलं, बँकेच्या माणसाने कार्डाचा आकडा विचारला तेव्हा."

"म्हणजे मंगळवारी कार्ड बंद पाकिटात होतं. कँटीनमध्ये तुम्ही ते काढलंच नाही."

"कँटीनमध्ये मी नाणी देते गं. चहाला कार्ड कसलं काढायचं."

इर्माने वहीत एक ओळ लिहिली. निबियाने ती वाचायचा प्रयत्न केला, पण ओळ फार बारीक होती.

एल्बियो तिला गोदीवर सापडला, गळ टाकून बसलेला. क्लबात मंगळवार-गुरुवार न चुकता येऊनही त्याच्या कार्डाला धक्का लागला नव्हता, आणि वाल्देमारला ते खुपत होतं.

"या, बाई, या. अध्यक्षांनी पाठवलं का माझे हात बांधायला?"

"तुम्ही कँटीनमध्ये कशाने पैसे देता?"

"कार्डाने. रोज. सुट्ट्या पैशांवरून सुल्मा मला ऐकवते."

"आणि कार्ड ठेवता कुठे?"

एल्बियोने कोटाच्या आतल्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. आल्याच्या गोळ्यांची. आत सहा गोळ्या आणि त्यांच्याखाली कार्ड. "पाकीट तीनदा पाण्यात पडलं, बाई. डबी तरंगते. माझं कार्ड चोरायचं तर चोराला आधी गोळ्या संपवाव्या लागतील."

इर्माने डबी हातात घेतली, झाकण लावलं, कानाजवळ नेऊन हलवली. मग परत दिली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण ती गोदीवरून उठून सरळ कँटीनकडे चालत गेली आणि दारातूनच म्हणाली, "सुल्मा, तुझं यंत्र सुटलं."

सुल्मा कट्ट्याला धरून उभी राहिली.

"निबियाचं कार्ड तुझ्या यंत्राजवळ कधी आलंच नाही, तरी वाचलं गेलं. एल्बियोचं कार्ड रोज तुझ्या यंत्रावर टेकतं, उघडं. ते वाचलं गेलं नाही. तुझं यंत्र चोर असतं तर उलटं झालं असतं. एल्बियोचं कार्ड बचावलं, कारण ते उरलेला सगळा वेळ पत्र्याच्या डबीत असतं. पत्र्यातून या लहरी आत जात नाहीत. म्हणजे कार्डं वाचली गेली ती खिशात असताना."

"खिशात? कुणाच्या खिशाला कोण यंत्र लावेल? मारामाऱ्या होतील इथे."

"खिसे अंगावर नसतात," इर्मा म्हणाली. "गोळा टाकायला वाकलं की पाकीट पडतं, म्हणून सगळे कोट काढून ठेवतात."

दोघींनी एकाच वेळी दाराबाहेर पाहिलं. पट्टीच्या शेजारच्या भिंतीवर कोटांच्या बारा खुंट्या होत्या.

४

"हे मी वाल्देमारला सांगितलं तर तो म्हणेल, कोट कँटीनच्या दारापासून सहा पावलांवर आहेत," सुल्मा म्हणाली. ती बरोबर होती. यंत्र सुटलं तरी सुल्मा सुटत नव्हती. त्यासाठी नाव लागणार होतं.

इर्मा दुपारी ओरोस्मान लारोसाच्या दुकानात गेली. त्या गावात कार्ड, चिप आणि लहरी यांतलं खरंच कळणारी माणसं दोन. एक ती, आणि दुसरा ओरोस्मान. चाळीस वर्षं तो रेडिओ दुरुस्त करत होता. शाळेच्या प्रयोगशाळेतली उपकरणंही तोच बघायचा, आणि बऱ्याचदा बिल द्यायला विसरायचा. आता रेडिओ कुणी दुरुस्त करत नव्हतं. दुकानाच्या काचेवर नवा फलक होता: कार्डाची व पासपोर्टची सुरक्षित पाकिटं.

"इर्मा, ये. पासपोर्टसाठी आलीस? मुलीकडे माद्रिदला निघालीस ना?"

"पासपोर्टला पाकीट कशाला? त्याची चिप आधी विचारते, तुझ्या पानावर काय छापलंय ते सांग. नंबर, जन्मतारीख, मुदत. ते सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही. नुसत्या खिशाजवळून तिच्यातलं कुणाला काही मिळायचं नाही."

ओरोस्मान हसला. "ते तुला माहीत आणि मला माहीत. लोक तरीही पासपोर्टचं पाकीट आधी मागतात. कार्ड बिचारं कुणीही हाक मारली की आपला आकडा सांगून मोकळं होतं, त्याची कुणाला काळजी नाही."

त्याने एक पाकीट दाखवलं. दुधाच्या खोक्याचं, चंदेरी बाजू आत, बाहेरून कापड. शिलाई सरळ, कोपरे दुमडून चिकटवलेले, फट कुठे नाही. त्याने फोनवर इर्माचं कार्ड वाचून दाखवलं, मग पाकिटात घालून फोन टेकवला. फोन गप्प राहिला. काम चोख होतं. ओरोस्मानचं काम नेहमीच चोख असे.

इर्माने स्वतःचा थर्मास काढला, तुंब्यात पाणी घातलं आणि त्याच्यापुढे केला. त्याने नळी तोंडाला लावून शेवटच्या घोटापर्यंत ओढलं आणि तुंबा परत दिला. काही बोलला नाही. नको असेल तर माणूस परत देताना आभार मानतो; गप्प राहिला म्हणजे पुढची पाळीही हवी. इर्माने पुन्हा भरला. तिसऱ्यांदाही भरला.

"हे सुचलं कधी तुला?"

"माझंच कार्ड गेलं तेव्हा. पहिला बळी मीच ना. नऊ जून. दुसऱ्या दिवशी बसलो आणि पहिलं पाकीट शिवलं."

"किती खपली?"

"बावीस." तो आकडा त्याने जरा जास्तच पटकन सांगितला. "काल तर रांग होती. दुकानात रांग, इर्मा. सत्त्याण्णवच्या वर्ल्ड कप पात्रता सामन्यांनंतर पहिल्यांदा."

इर्मा हसली. दाराशी जाताना तिने पाहिलं, खिडकीत त्याचा स्टीलचा थर्मास उभा होता, आणि दारामागच्या खिळ्याला त्याची मातेची चामडी पिशवी, बक्कल लावलेली, टांगलेली होती.

घरी येईपर्यंत तिला एक गोष्ट खुपत राहिली. सुल्माच्या आईचा वाढदिवस तिला माहीत होता. गेली अकरा वर्षं ती केक खायला जात होती. तो मेच्या मध्यावर असे, नऊ जूनच्या तीन आठवडे आधी.

५

देल्मिराला फोटो काढायची खोड होती. दर मंगळवार-गुरुवारचे तीसतीस फोटो क्लबच्या ग्रुपवर येत, आणि बहुतेकांत देल्मिराचा अंगठा असे. इर्माने शुक्रवारी संध्याकाळी वही उघडली आणि प्रत्येक देणगीच्या आदल्या खेळाचे फोटो शोधून काढले. ओरोस्मानची देणगी सोडली तर चार दिवस.

तिने माणसांकडे पाहिलं नाही. माणसांमागच्या भिंतीकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी देल्मिराच्या निळ्या कोटाला खेटून. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या जाकिटाला. नंतर निबियाचा करडा कोट. या मंगळवारी वाल्देमारचा ओव्हरकोट. चारही दिवशी शेजारच्या खुंटीवर तीच चामडी पिशवी. एल्बियोचं जाकीटही एका फोटोत तिच्याशेजारी होतं, आणि एल्बियोला काही झालं नव्हतं, कारण त्याची डबी.

बाकीच्यांच्या पिशव्या? टेबलावर, बाकाखाली, एकाची तर पट्टीच्या कडेला, गोळ्यांच्या मधोमध. असणारच. माते दर पाच मिनिटांनी प्यायचं तर थर्मास हाताशी लागतो. तुंबा आणि थर्मास घेऊन घरातून निघायचं आणि ते भिंतीवर टांगून खेळायला जायचं, असा माणूस या देशात तिने पाहिला नव्हता. पिशवी मातेची असेल तर ती खुंटीवर राहूच शकत नव्हती.

डॉक्टरांनी बंद केलं म्हणून? पण तिच्या हातचे तीन तुंबे तो आजच प्याला होता, आणि चौथ्याची वाट पाहत होता.

मग थर्मास घरी का?

इर्माने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं कार्ड ठेवलं, त्यावर फोन धरला. फोनने वाचलं. मग फोनच्या पाठीला लागून स्टीलचा थर्मास ठेवला आणि पुन्हा धरला. काही नाही. थर्मास एक वीत दूर सरकवला. वाचलं. जवळ आणला. काही नाही. तिने हे दहा वेळा केलं आणि दहाही वेळचं लिहून ठेवलं, कारण दोनदा करून खात्री झाली असं म्हणणाऱ्या मुलांना तिने वर्षानुवर्षं परत बसवलं होतं.

धातू जवळ असला की लहरी त्याच्यातच जिरतात. मग वाचणारं यंत्र मुकं होतं. म्हणून पिशवीत थर्मास नव्हता. चोराने लपायला अशी जागा निवडली होती, जिच्याकडे इथे कुणी वळून बघत नाही. आणि त्या जागेतूनच ती एक वस्तू काढून घेतली होती, जिच्याशिवाय इथला माणूस घराबाहेर पडत नाही.

राहिला तो मोठा हात. देल्मिराच्या देणगीला सात आठवडे होत आले होते. तरी तो हात आला नव्हता. चोराला पैसे नको होते.

इर्माने वही मिटली. तिला शाळा आठवली. प्रयोगशाळेतली तारांची मोठी वेटोळी ओरोस्मानने एका रविवारी स्वतः गुंडाळून दिली होती. मुलांना ती हातात धरून दिवा लागताना बघायला फार आवडायचं.

६

शनिवारी सकाळी दहाला ती पुन्हा दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं.

"ओरोस्मान, एक काम कर. तुझा थर्मास त्या पिशवीत ठेव आणि माझ्याबरोबर नदीवर फिरायला चल."

त्याने थर्मासकडे पाहिलं नाही, पिशवीकडेही नाही. हातातला सोल्डरिंगचा दांडा त्याने स्टँडवर ठेवला आणि बटण बंद केलं.

"मावत नाही," तो म्हणाला.

"का?"

तो उठला, पिशवी काढून आणली, बक्कल सोडलं. आत चामड्याला लागून तांब्याची तार चौकोनात फिरवलेली होती, आठ वेढे, समान अंतरावर. तळाशी सर्किटची एक छोटी पाटी आणि बॅटरी. इर्माला नको असतानाही वाटलं, किती सुबक केलंय.

"दोन वर्षं हा फलक लावून बसलो असतो तरी कुणी आलं नसतं," ओरोस्मान म्हणाला. "एप्रिलमध्ये मी क्लबात सांगून बघितलं होतं. आठवतं? फोन घेऊन उभा राहिलो, कार्ड वाचून दाखवलं. वाल्देमार म्हणाला, जादूचे प्रयोग नातवंडांना दाखव. सगळे हसले. तूही."

इर्माला ते आठवलं. ती हसली होती.

"माझं म्हणणं खोटं नव्हतं ना? कुणीही वाचू शकतं. मी फक्त वाचून दाखवलं. माझ्याकडे एकही पैसा आला नाही. आधी स्वतःच्या कार्डावरून दिले, मग त्यांच्या. बँक परत देतेच. मला वाटलं, लोक बँकेला शिव्या देतील. बँकेला सगळेच देतात."

"आणि त्यांनी सुल्माला दिल्या."

"हो."

"ते तुला कधी कळलं?"

"निबियाच्या वेळी."

"त्यानंतर तू वाल्देमारचं वाचलंस."

ओरोस्मानने पिशवीचं बक्कल पुन्हा लावलं. मग म्हणाला, "वाल्देमार हसला होता ना, म्हणून. मग तर बोलायला फारच उशीर झाला."

"उशीर आज चारला होईल," इर्मा म्हणाली. "तिच्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. त्या दोन खोल्या सोडून गावात तळमजला कुठे मिळणार, बघ विचार करून. चारपर्यंत मी कुणाला काही सांगणार नाही. चार वाजून गेले की माझी वही वाल्देमारपुढे ठेवेन."

"तू नको ना सांगूस, इर्मा. बँकेची चूक होती म्हण. तुझ्यावर विश्वास ठेवतील. पिशवी मी आजच मोडतो."

"म्हणूनच म्हणणार नाही," ती म्हणाली. "विश्वास ठेवतील म्हणून."

ती बाहेर पडली तेव्हा त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला.

७

चारला पाच मिनिटं कमी असताना कमिटीचे नऊ जण टेबलाभोवती बसले होते. इतर मंडळी बाकांवर होती. सुल्मा कँटीनच्या दारात, अॅप्रन काढून, चांगला स्वेटर घालून उभी होती. तिच्या आईला अखेर कळलं होतं. ती आत बसली होती आणि दार तिने उघडंच ठेवायला लावलं होतं.

वाल्देमारने घड्याळाकडे पाहिलं, चष्मा लावला, पत्र उचललं. इर्माने वही मांडीवर घेतली.

"विषय क्रमांक एक," वाल्देमार म्हणाला.

"थांब," ओरोस्मान दारातून म्हणाला.

त्याने पिशवी टेबलावर पत्राच्याच वर ठेवली आणि उघडली. मग त्याने सगळं सांगितलं. क्रमाने, तारखांसकट, एखाद्या रेडिओत काय बिघडलं होतं ते गिऱ्हाईकाला सांगावं तसं. एप्रिल, मे महिन्यात पाकिटांची तयारी, जूनपासून देणग्या, आणि सुल्माचं नाव निघाल्यावर आपण गप्प बसलो, तेही. शेवटी म्हणाला, "बँकेला सोमवारी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. ते काय ते ठरवतील. पाकिटांचे पैसे ज्यांना परत हवे असतील त्यांना देईन. पाकिटं चांगली आहेत."

वाल्देमारने पुढे वाकून पिशवीतली तार पाहिली.

"पण कुत्र्यांनाच का?" वाल्देमारने विचारलं. त्याला तेवढंच सुचलं.

"पाठीमागचे तीन आकडे विचारत नाहीत," ओरोस्मान म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि तुला आवडत नाहीत."

एल्बियो खोकल्यासारखं करून हसला आणि देल्मिराने त्याला कोपर मारलं.

वाल्देमारने पिशवीखालून पत्र ओढून काढलं आणि त्याची घडी घातली. "ठीक आहे. विषय क्रमांक एक मागे घेण्यात येत आहे. सुल्मा, तू—"

"मागे नका घेऊ," सुल्मा म्हणाली. ती दारातून पुढे आली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मत घ्या. मी चांगला स्वेटर घालून आलेय."

"अगं, आता कशाला? उगाच..."

"मला बघायचंय. अकरा वर्षं तुमचे थर्मास भरले. कोणाकोणाचा हात वर जाणार होता ते मला माहीत असावं. मंगळवारपासून पुन्हा भरायचेत."

नऊ जण टेबलाकडे पाहत राहिले. निबिया कमिटीत नव्हती, पण तिनेही मान खाली घातली. मग वाल्देमारने हळूच आपला उजवा हात वर केला. त्याच्यानंतर देल्मिराचा. मग आणखी चार. एकाने अर्धा केला, सुल्माने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तो पूर्ण वर केला.

सुल्माने एकेक चेहरा शांतपणे पाहून घेतला. इर्माला वाटलं, ही मुलगी आता रडेल किंवा दार आपटून आत जाईल. तिने दोन्ही केलं नाही.

"खाली घ्या," ती म्हणाली. "दुखतील. आईने सकाळपासून केक करून ठेवलाय, निरोपाचा म्हणून. फेकायचा नाही. टेबलं आत ओढून घ्या आणि खुर्च्या लावा."

खुर्च्या सरकल्या. हातात काहीतरी धरायला मिळाल्यासारखे सगळे घाईने उठले, एकमेकांच्या वाटेत आले. ओरोस्मान टेबलापाशीच उभा होता. त्याने पिशवी बंद केली, खांद्याला लावली आणि फाटकाकडे वळला.

"तू कुठे चाललास?" सुल्मा म्हणाली.

तो थांबला.

"मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. "किती दिवस ते मला माहीत नाही. पण आईला केक कापायला सगळी माणसं लागतात. तू खुर्च्या लाव. सगळ्यांच्या."

ओरोस्मानने पिशवी खाली ठेवली आणि पहिली खुर्ची उचलली. इर्माने दुसऱ्या बाजूने टेबल धरलं.